जयवंतमामांची वासाची वही

आमच्या लॅबमध्ये हवा तपासतात. पण मशीनने हवा तपासायच्या आधी जयवंतमामा माणसं तपासायचे, दारात उभे राहून, नाकाने. तुम्ही साहेब असा, गिऱ्हाईक असा नाहीतर पाण्याचा जार आणणारा असा, मामांच्या पुढून गेल्याशिवाय आत पाऊल नाही. ते बोलायचे नाहीत. मान जराशी पुढे करायचे, एक श्वास घ्यायचे, आणि मग बाजूला तरी व्हायचे नाहीतर बोटाने जिना दाखवायचे. जिना दाखवला म्हणजे जा, दहा मिनिटं वारा खाऊन ये.

मी सीमा प्रधान, या लॅबची प्रमुख. सतरा वर्षं मी मामांची साहेब होते, म्हणजे कागदावर. वाढले गिरगावात, शिक्षण एम. एस्सी., स्वभाव रागीट. हे मीच सांगून टाकते, दुसऱ्या कोणाकडून तुम्हाला तिखटमीठ लावून कळायला नको. पुढे जे झालं ते या रागानेच झालं.

आमचं काम आधी सांगते, त्याशिवाय मामा कळायचे नाहीत. परळला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब. छापखाने, पेट्रोल पंप, रंगाची गोदामं, जिथे माणसं दिवसभर काहीबाही हुंगत काम करतात तिथली हवा बोटाएवढ्या नळीत ओढून आणायची आणि तिच्यात बेंझीन किती आहे ते सांगायचं. बेंझीन म्हणजे पेट्रोलमध्ये असतं ते, सिगारेटच्या धुरात असतं ते. दिसायला पाणी, वासाला गोडसर, आणि वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिलं तर रक्ताचा कॅन्सर. नाकाला त्याचा वास लागेपर्यंत फार उशीर झालेला असतो, म्हणून मशीन लागतं.

आता मशीनला तरी काय कळणार? त्याला आधी खरं, नेमकं मोजलेलं बेंझीन दाखवावं लागतं. हे बघ बाबा, हे इतकं आहे, आता याच्यावरून बाकीचं मोज. ते नेमकं बेंझीन परदेशातून येतं, करंगळीएवढ्या बंद काचेच्या कुपीत, सोबत प्रमाणपत्र घेऊन. त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. मामा त्याला जावई म्हणायचे.

का, तर सगळा थाटमाट जावयाचा. थंड जागा हवी. ऊन लागलेलं चालत नाही. धक्का लागलेला चालत नाही. मुक्कामाची तारीख ठरलेली, ती उलटली की घरात ठेवायचं नाही. आणि बिनसलं तर अख्ख्या घराला ताप. पार्सल आलं की मामा दारातून सांगायचे, "मॅडम, जावई आले," आणि नवीन लागलेली एखादी मुलगी चहा टाकायला उठायची.

जावयांना वेगळा फ्रिज होता. त्याला कुलूप, आणि किल्ली मामांच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. आमच्या विनीतने, म्हणजे माझ्या हाताखालच्या केमिस्टने, एकदा त्या फ्रिजमध्ये सोलकढीची बाटली ठेवली होती. बाटली तासाभरात जिन्यात सापडली, गळ्यात चिठ्ठी: "बेवारस." एकतीस वर्षांत मामांच्या हातून एक कुपी फुटली नव्हती. हे ते स्वतः वर्षातून एकदाच सांगायचे, आणि ते सांगताना सदऱ्यावरून किल्ली चाचपायचे.

मामा घोडपदेवचे, मूळ मालवणकडचे. आडनाव घाडी. कोकणात घाडी म्हणजे कोणाला काय बाधलंय ते सांगणारा, आणि मामांनी घराण्याची ती गादी आपल्या परीने चालवली म्हणायची. वडील गिरणीत रंगखात्यात. ते संध्याकाळी दारात आले की हा मुलगा त्यांच्या सदऱ्याचा वास घेऊन सांगायचा, आज निळा चालला होता की काळा. आईला कळेना, याचं कौतुक करावं की याला डॉक्टरला दाखवावं. गिरणी बंद पडल्यावर मामा घरोघर गॅसचे सिलिंडर पोचवायला लागले. कुठल्या घरात गळती आहे ते जिना चढतानाच सांगायचे. अशाच एका जिन्यावर आमचे जुने साहेब राहायचे. त्यांनी हे नाक पाहिलं आणि उचलून लॅबमध्ये आणलं.

वही जुन्या साहेबांनीच दिलेली. मशीनच्या आधी नाक, असं त्यांचं म्हणणं. लांब, पुठ्ठ्याची, सुतळी ओवलेली वही, दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली. एक भरली की दुसरी. चार रकाने: तारीख, वास, कोणाचा, काय केलं. नमुन्याला दोन-चार नोंदी सांगते. "सेंट. विनीत सर. कोणालातरी भेटायला जाणार. जिन्यावर उभे केले." "पेट्रोल. मोठे साहेब. गाडी भरून आले. आत घेतले नाही. रागावले." "कांजी. सीमा मॅडम. नवीन साडी, हिंदमाता. पंख्याखाली बसवले." "मोगरा. सीमा मॅडम. गजरा गच्चीवर ठेवला. संध्याकाळी परत दिला."

ते मोठे साहेब म्हणजे आमचे मालक. त्यांना स्वतःच्या लॅबच्या दारात वीस मिनिटं उभं केलं होतं या माणसाने. साहेब म्हणाले, "अरे, पगार मी देतो तुला." मामा म्हणाले, "म्हणून तर उभा आहे इथे."

आणि हा न्याय स्वतःलाही. मामांचा डबा म्हणजे त्यांच्या बायकोच्या, ललितावहिनींच्या हातचा, त्यात बहुतेक मासळी. तो डबा लॅबमध्ये कधी उघडला नाही. दुपारी गच्चीवर जायचं, टाकीच्या सावलीत बसून जेवायचं, हाताला लिंबू चोळायचं आणि पंधरा मिनिटं वाऱ्यात उभं राहायचं. बुधवारी डब्यात तळलेला बांगडा असायचा आणि त्यातला एक तुकडा माझा असायचा. मी साहेब असूनसुद्धा तो खायला गच्चीवर जायचे, आणि खाल्ल्यावर लिंबू चोळून वाऱ्यात उभी राहायचे. वर्षातून पन्नास बुधवार मी ही शिक्षा आनंदाने भोगली आहे.

तर झालं असं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे ऑक्टोबरअखेर मामा रिटायर होणार होते. दुसरी, चौदा ऑक्टोबरला असेसर येणार होता. असेसर म्हणजे बाहेरून येऊन लॅबची झडती घेणारा माणूस. त्याने मान हलवली तर लॅबची मान्यता टिकणार, नाहीतर आम्ही दिलेल्या रिपोर्टांना भेळेच्या कागदाची किंमत. मशीन नवीन, ऑगस्टमध्ये आलेलं, आणि मला झोप लागेना.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करतो. तुम्ही हसाल, पण परळ-लालबागला हातोडीपासून संगणकापर्यंत सगळ्याला त्या दिवशी झेंडू चढतो, आमच्या मशीनने काय घोडं मारलंय? ही पूजा मामांची. मशीनला हार, जावयांच्या खोक्याला बाहेरून कुंकवाचं बोट, खोका दोन मिनिटं पाटावर, की परत फ्रिजमध्ये. नारळ जिन्यात फोडायचा. हात जोडून मामा म्हणायचे, "एकतीस वर्षं झाली, एक पण फुटली नाय. यापुढे पण सांभाळ." आकडा तेवढा दरवर्षी एकाने वाढायचा.

पूजा झाली. सगळे जेवायला गेले. मला मात्र चुकल्यासारखं वाटत होतं. एवढी मोठी परीक्षा समोर आणि पूजा इतकी सुकी? माझ्या केबिनमध्ये एकवीरेचा छोटा फोटो आहे. गिरगावातून आणलेला चंदनाचा धूप पर्समध्ये घट्ट डबीत होता, जाड काडीचा, चांगला तासभर जळणारा. एक काडी लावली आणि मनाशी ठरवलं, असेसर येऊन जाईपर्यंत रोज सकाळी देवीपुढे एक लावायची. जिवाला बरं वाटलं.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि शुक्रवारी गडबड सुरू झाली.

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे आमच्याच लॅबची हवा नळीत ओढून मशीनवर लावायची. आपलं घर स्वच्छ आहे ना हे बघायला. थोडं बेंझीन असतंच, परळ आहे हे, महाबळेश्वर नाही. पण त्या दिवशी नेहमीच्या तिप्पट निघालं. विनीत म्हणाला, नळी खराब असेल. दुसरी नळी लावली, तेच. तिसरी लावली, तेच. शनिवारी तेच. सोमवारी चौपट.

लॅबमध्ये बेंझीन येणार कुठून? पेट्रोल नाही, सिगारेट नाही, खिडक्या बंद. बेंझीन एकाच ठिकाणी होतं, जावयांच्या फ्रिजमध्ये. तो खोका बाहेर कधी निघाला होता? खंडेनवमीला. कोणी काढला होता? मामांनी. धडाधड सगळं जुळलं, आणि जुळल्याचा मला काय आनंद झाला. केसाएवढी चीर गेली असणार एखाद्या कुपीला. डोळ्याला दिसणारही नाही.

त्यात मामांचं वागणं. शुक्रवारी सकाळीच ते केबिनच्या दारात येऊन उभे होते. "मॅडम, वास येतोय." मी फोनवर होते. हाताने थांबा म्हटलं. ते थांबले, मग गेले. सोमवारी परत आले. "मॅडम, वास..." मी म्हटलं, "मामा, बेंझीनचा वास येत असता तर आपण सगळे हॉस्पिटलात असतो, तुम्ही जरा हळू घ्या." आणि मग माझ्या डोक्यात आलं की हा माणूस सारखा वास-वास का करतोय. याला माहीत आहे म्हणून.

सोमवारी अकरा वाजता मी सगळ्यांसमोर, विनीतसमोर, दोन नवीन मुलींसमोर, नमुने घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकासमोर, मामांना विचारलं, "खोक्याला धक्का लागला का?"

"नाय लागला."

"मामा, एकतीस वर्षांनी का होईना, माणसाच्या हातून होतं. पण झालं तर सांगावं. रिटायरमेंट आली म्हणून लपवायचं, हे बरं नाही."

आता मी हे लिहिताना माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. पण तेव्हा मी अगदी न्यायाधीश होते.

मामांचा चेहरा तसाच राहिला. म्हणाले, "माझा हात लागला तर मी सांगणार. नाय लागला तर काय सांगणार? तुम्ही वही बघा, मॅडम. वहीत हाय सगळं."

"वास घेऊन केमिस्ट्री होत नाही मामा. वही ठेवा बाजूला. आणि किल्ली माझ्याकडे द्या."

त्यांनी दोरा मानेवरून काढला. सदऱ्याची कॉलर सरळ केली. किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, आवाजसुद्धा न करता, एखादी कुपी ठेवावी तशी. मी सगळ्या खोक्यांवर लाल स्टिकर मारले, वापरू नये म्हणून, आणि नवीन स्टँडर्डची ऑर्डर पाठवली. ते यायला तीन आठवडे. असेसर यायला आठ दिवस.

त्या दिवसापासून अबोला. म्हणजे मामा काम करायचे, दारात उभे राहायचे, नाक चालू, वही चालू. तोंड तेवढं बंद. मला ते "हो" आणि "नाय" एवढंच बोलायचे. बुधवार आला. मी साडेबारापासून जिन्याकडे लक्ष ठेवून होते. मामा डबा घेऊन गच्चीवर गेले, लिंबू लावून खाली आले. मला बोलावणं नाही. माझा राग आणखी चढला, कारण आता तो उपाशी पण होता.

दुसऱ्या दिवशी ललितावहिनींचा फोन. त्यांनी आयुष्यात मला दोनदा फोन केला असेल. "मॅडम, काय झाला ओ लॅबात? हे जेवताना पण गप असतत. काल सारखो हात गळ्याकडे जायत होतो."

मी म्हटलं, "काही नाही वहिनी, कामाचं टेन्शन आहे सगळ्यांना." फोन ठेवला. मला वाईट वाटलं होतं, पण मी चूक आहे असं नव्हतं वाटलं. मला वाटत होतं, किती बिचारा, एवढी चांगली नोकरी करून शेवटी शेवटी हात थरथरला. त्यांची कीव करत होते मी.

इकडे हवेतलं बेंझीन काही उतरेना. फ्रिज बंद, खोके सील, तरी आकडा वरच. उलट वाढतच चाललेला. मी काय केलं असेल? देवीपुढे एकाच्या दोन काड्या केल्या. केबिनला काचेचं पार्टिशन आहे, वर छतापर्यंत न पोचणारं, हातभर उघडं. मी दार लावून, डोळे मिटून बसायचे, आई एकवीरे, आजचा आकडा खाली येऊ दे. आकडा वर जायचा. मग मी तीन काड्या केल्या.

तुम्हाला कळलं असेल एव्हाना. मला नाही कळलं. सात जण रोज त्या लॅबमध्ये श्वास घेत होते, मामा सोडले तर एकाने तोंड उघडलं नाही, कारण कोणाच्या मनातच आलं नाही. आपल्याकडे सेंट हा वास, पेट्रोल हा वास, बांगडा तर वासच वास. धूप हा वास नाही. धूप म्हणजे प्रसन्न वाटणं. आणि कहर सांगू का? चार वर्षांपूर्वी आम्हीच एका सभागृहाची हवा तपासली होती, तिथे सकाळ-संध्याकाळ धूप जळायचा. त्या धुरातून बेंझीन किती निघालं त्याच्या रिपोर्टवर सही माझी आहे.

चौदा तारीख उजाडली. मी लवकर आले, तीन काड्या लावल्या, नवीन साडीला पंख्याची हवा दिली. असेसरचं नाव हितेंद्र गोगटे, पन्नाशीचे, बारीक आवाजाचे, सगळ्या गोष्टींना "बरं" म्हणणारे. दारात मामांनी मान पुढे केली, श्वास घेतला आणि जिना दाखवला. गोगटे वाटेत पान खाऊन आले होते. मी मध्ये पडायला पुढे सरसावले. गोगटे म्हणाले, "बरं," आणि जिन्यावर जाऊन दहा मिनिटं उभे राहिले.

आत आल्यावर मी आकडे समोर ठेवले. लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "आमच्या हवेत बेंझीन वाढलंय. खंडेनवमीला पूजेत स्टँडर्डची एक कुपी तडकल्याचा संशय आहे. संबंधित कर्मचाऱ्याकडून किल्ली काढून घेतली आहे."

"तडकलेली कुपी बघू."

"सापडली नाही अजून."

"बरं. सगळ्या भरलेल्या आहेत?"

"हो. पातळी कमी झालेली नाही कुठे."

"बरं," गोगटे म्हणाले, आणि हे 'बरं' जरा लांब होतं. त्यांनी तापमानाचं रजिस्टर पाहिलं, दमटपणाचं पाहिलं. मग त्यांची नजर दाराशेजारच्या खिळ्यावर गेली. "ते काय आहे?"

विनीत हसला. "ती काही नाही सर, मामांची वासाची वही."

"वाचा जरा," गोगटे म्हणाले. "खंडेनवमीपासून वाचा."

वही काढून विनीतने माझ्या हातात दिली. मामा दारात उभे, पाठ आमच्याकडे. मी वाचायला लागले.

"एक ऑक्टोबर. धूप, चंदन. सीमा मॅडम, केबिन. जेवणाच्या सुट्टीत. खिडकी उघडली." माझा आवाज इथपर्यंत ठीक होता. "तीन ऑक्टोबर. धूप, एक काडी. सीमा मॅडम. सांगायला गेलो, फोनवर होत्या. सहा ऑक्टोबर. धूप, एक काडी. सांगायला गेलो, ऐकले नाही. किल्ली काढून घेतली." पुढचं पान उलटताना माझा हात थरथरला, मामांचा नव्हे, माझा. "आठ ऑक्टोबर. धूप, दोन काड्या. नऊ. दोन काड्या. अकरा. तीन काड्या."

विनीतने मधेच आमच्या आकड्यांचा कागद उचलून वहीशेजारी धरला. एक काडी, तिप्पट-चौपट. दोन काड्या, सातपट. तीन काड्या, दहापट. इतका सुरेख आलेख नवीन मशीनने अजून काढला नव्हता.

गोगट्यांनी विचारलं, "या सीमा मॅडम कोण?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे फाशी देणारी आणि चोर एकच होती. बेंझीनचा आकडा मी जावयावरून मोजत होते. त्या दिवशी मी स्वतःला मामांच्या वहीवरून मोजलं आणि साफ नापास झाले.

"मी," म्हटलं. "सीमा मॅडम मीच. लॅबची प्रमुख."

"बरं," गोगटे म्हणाले.

चारचौघांत बोलले होते, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी होती. मी ड्रॉवरमधून किल्ली काढली, काळ्या दोऱ्यासकट, आणि दाराशी गेले. "मामा, माझं चुकलं. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. तुमच्या हातून काही फुटलं नव्हतं. एकतीस वर्षांत नाही आणि या वर्षीही नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगते." मी किल्ली पुढे केली.

मामा वळले. किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात काही पुढे आला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "आधी त्या काड्या विझवा."

केबिनमध्ये तीनही काड्या अजून जळत होत्या. किल्ली टेबलावर टाकून मी धावले. पाण्यात बुडवून येईपर्यंत मामांनी किल्ली टेबलावरून उचलून गळ्यात घातली होती, आणि खोक्यांवरचे लाल स्टिकर नखाने हळूहळू सोडवत होते. "जावयाला चोर ठरवला ओ," ते खोक्याशी बोलल्यासारखं म्हणाले. ते आठवड्याभरात त्यांनी उच्चारलेलं सगळ्यात लांब वाक्य होतं.

मान्यता राहिली. गोगट्यांनी दुसऱ्या दिवशी हवा परत तपासायला लावली, ती नेहमीसारखी निघाली. पण एक दोष त्यांनी लिहिलाच, आणि त्याच्या उत्तराला फॉर्म भरावा लागतो. त्यात एक चौकट असते, मूळ कारण. विनीतने विचारलं, "काय लिहू मॅडम? धूप?" मी धूप म्हणणारच होते. मग म्हटलं, "लिही, वही वाचली नाही." फॉर्मवर तेच गेलं.

बुधवारी साडेबाराला मामा माझ्या दारात आले. "मॅडम, गच्चीवर या." दोन तुकडे होते. दुसरा ललितावहिनींनी मुद्दाम घातला होता. मी खाल्ले, लिंबू चोळलं, वाऱ्यात उभी राहिले. मामा टाकीला टेकून म्हणाले, "देवीचा राग नाय हां आमच्यावर. तिला फूल चालतं." तेव्हापासून एकवीरेला झेंडू असतो.

एकतीस ऑक्टोबर आला. निरोपाचा कार्यक्रम मामांच्या अटीवर गच्चीवर ठेवला, कारण बटाटेवडे. त्या सकाळी मी घरून निघाले तीच डोळे लाल करून. बावन्नाव्या वर्षी लॅबमध्ये रडलेलं बरं दिसत नाही, म्हणून रुमालावर निलगिरी घेतली आणि येता-जाता सगळ्यांना सांगितलं, सर्दी झालीय हो, भयंकर सर्दी. निलगिरी म्हणजे वासांतला दादा. दारात मामा होतेच, शेवटच्या दिवशीही. त्यांनी मान पुढे केली. श्वास घेतला. मी जिन्याकडे वळणारच होते. ते बाजूला झाले.

मला वाटलं, शेवटचा दिवस, सैल सोडलं.

शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. माझ्या भाषणात मी दोनदा शिंकून दाखवलं. मामांनी भाषण केलं नाही. किल्ली विनीतच्या गळ्यात घातली, आधी त्याचा वास घेऊन. वही खिळ्याला टांगली, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, आणि घोडपदेवला चालत निघाले, रोज जायचे तसे काळाचौकीच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी दारात कोणी नव्हतं. मी तशीच आत शिरले आणि मला विचित्र वाटलं, चप्पल घालून देवळात गेल्यासारखं. आता वही मीच लिहायची असं ठरवलं होतं. खिळ्यावरून काढली. शेवटच्या पानावर त्यांचं ते मोठं, गोल अक्षर. तारीख, एकतीस ऑक्टोबर. वास, निलगिरी. कोणाचा, सीमा मॅडम. आणि शेजारी बारीक अक्षरात: "सर्दी नाही."

चौथा रकाना, काय केलं. मागच्या सगळ्या वह्या मी नंतर चाळल्या. जिन्यावर उभे केले, आत घेतले नाही, हात धुवायला लावले, गच्चीवर ठेवले, हेच सगळं. एकतीस वर्षांत त्या रकान्यात जो शब्द एकदाही आला नव्हता, तो तिथे लिहिला होता.

"चालेल."